एल्बेचं खोरं : बास्तायचा पूल बघून परत फिरू नका

कातळवेडा

"प्रागला चाललोय, वाटेत तो दगडी पूल बघायचाय, दोन तास पुरतील ना?" ड्रेस्डेनला राहणाऱ्या जवळपास प्रत्येक मराठी माणसाला हा मेसेज कधी ना कधी येतो. पुरतात की. पुलाला वीस मिनिटंसुद्धा पुरतात. पण ढाक बहिरीचा कडा चढलेले आणि सांदण दरीत कमरेएवढ्या पाण्यातून गेलेले लोक जेव्हा पुलावर सेल्फी काढून गाडीत बसतात, तेव्हा जीव तुटतो. म्हणून हा धागा.

भूगोल थोडक्यात. चेक हद्दीतून एल्बे जर्मनीत शिरते आणि पिर्नापर्यंत वालुकाश्माच्या डोंगरांतून वाट काढत येते. हाच सॅक्सन स्वित्झर्लंड. नावावर जाऊ नका, बर्फाची शिखरं वगैरे काही नाही. सगळ्यात उंच डोंगर ५६२ मीटरचा, सिंहगडाच्या निम्माही नाही. इथली मजा उभ्या कातळात आहे. साधारण दहा कोटी वर्षांपूर्वी इथं उथळ समुद्र होता. तळाशी वाळूचे थर साचून त्यांचा दगड झाला, पुढे जमीन वर उचलली गेली, दगडाला उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि नदी-ओढ्यांनी नेमक्या त्या भेगा धरून खोदकाम केलं. सह्याद्रीत लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत, त्यामुळे आपल्या कड्यांना टप्पे असतात. इथं माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकच भिंत, आणि दोन भिंतींमधली फट कधीकधी खांदे घासतील एवढीच.

राष्ट्रीय उद्यान झालं ते १ ऑक्टोबर १९९० ला. पूर्व जर्मनी नकाशावरून पुसली जायला तेव्हा दोनच दिवस उरले होते.

माझा आग्रह एवढाच, की बास्तायला गाडीनं वरून जाऊ नका, घळीतून चढून जा. ड्रेस्डेनहून एस१ लोकल पकडायची, पिर्नाच्या पुढे वेलेनला उतरायचं. जर्मनीभर चालणारं मासिक तिकीट असेल तर लोकलला वेगळा खर्च नाही. रेल्वे थेट सीमेपर्यंत डाव्या तीरानं जाते आणि बघायचं बरंचसं उजव्या तीरावर, त्यामुळे दिवसाची सुरुवात बहुतेक वेळा होडीनंच होते. वेलेन गावामागून उटेवाल्डर ग्रुंड नावाची घळ सुरू होते. आधी ऐसपैस, बाजूला ओढा. मग भिंती जवळ येत जातात, आणि एका ठिकाणी वरून कोसळलेले मोठाले धोंडे दोन्ही भिंतींच्या मध्ये अडकून बसलेत. वाट त्यांच्या खालून. कास्पार डाविड फ्रीडरिश या जर्मन चित्रकारानं हे दगडी दार चित्रात काढलंय.

जुलैच्या उन्हातून या घळीत शिरलात की अंगावर काटा येतो. थंड हवा जड असते, तळाशी साचून राहते, आणि ऊन खालपर्यंत पोचतच नाही. अभ्यासक याला तळघराचं हवामान म्हणतात. त्यामुळे झाडांचा क्रम उलटापालटा झालाय. डोंगरात उंचावर दिसायला हवेत ते स्प्रूस घळीच्या तळाशी, आणि कोरडेपणा सोसणारे पाइन वर माथ्यावर, कातळाच्या चिरेत मुळं रोवून. वसंतात ओल्या भिंतीच्या पायथ्याशी इवलं पिवळं व्हायोलेट दिसलं तर पाय जपून टाका. मुळात उंच पर्वतातलं हे फूल, हिमयुगापासून इथल्या गारव्याच्या आधारानं टिकून आहे.

घाई नसेल तर भिंतीपाशी नाक नेऊन बघा. कुठं लोहाचे तांबूस पट्टे वळणं घेत गेलेत. कुठं बोट जाईल, कुठं मूठ जाईल अशा खळग्यांची जाळी आहे, मधल्या पाळी कागदाएवढ्या पातळ. दगडातून झिरपणारं पाणी क्षार घेऊन येतं, पाणी उडून गेलं की क्षारांचे स्फटिक फुगतात आणि वाळूचा एकेक कण सुटा करतात. खाली पायाशी बारीक पांढुरकी वाळू पडलेली असते ती याचीच. खरवडू नका मात्र. नावं कोरणारे इथंही आहेत, आपली मक्तेदारी नाही.

मग चढून बास्ताय. नदीपासून १९४ मीटर उंच. पूल १८५१ चा, ७६.५ मीटर लांब, सात कमानी, आधी तिथं लाकडी होता. टोकावरची जुनी जागा २०१६ मध्ये बंद करावी लागली, कारण खालचा दगडच झिजत चालला होता. २०२३ पासून तिथं नवा सज्जा आहे, कड्याच्या टोकावर भार न देता अधांतरी पुढे आलेला. चांगलं काम केलंय, कुरकूर करणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

उतरताना मोठ्या वाटेनं न जाता श्वेडेनल्योखर घ्या. साधारण ७०० पायऱ्या, दगडी आणि लाकडी, एका चिंचोळ्या घळीतून खाली. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश फौजा आल्या तेव्हा आसपासचे गावकरी इथं लपले होते. खाली आम्झेल तलाव, मग राथेन गाव, आणि पुन्हा होडी. ही होडी जरूर बघा. नदीत वरच्या अंगाला नांगरलेल्या लांब तारेला ती बांधलेली आहे. नावाडी तिचा कोन जरासा वळवतो आणि प्रवाहच तिला पलीकडे ढकलत नेतो. ढकलायला इंजिन लागतच नाही.

रमतगमत पाच-सहा तास. अजून बरंच आहे, पण आधी तुमचे प्रश्न येऊ देत.

पुणेरी चक्कर

वाखुसा (वाचनखूण साठवली). फोटो टाका की राव!

आमचा प्रश्न वेगळा आहे. जूनमध्ये आई-बाबा येताहेत, दोघंही सत्तरीपुढचे, आईचे गुडघे बोलतात. ७०० पायऱ्या वाचूनच तिनं चष्मा काढून ठेवला. त्यांना काय दाखवू?

कातळवेडा

@पुणेरी चक्कर, मग माझा आग्रह खुंटीला टांगा आणि बास्तायला गाडीनंच जा. वर पार्किंग आहे, बस येते, तिथून सज्जापर्यंत चाल फारशी नाही.

दुसरं, क्योनिगश्टाइनचा किल्ला. वर जायला लिफ्ट आहे. माथा साडेनऊ हेक्टरचा आणि जवळपास सपाट, तटावरून चालत खालचं एल्बेचं वळण आणि समोरचा लिलिएनश्टाइन डोंगर बघायचा. मला विचाराल तर नजारा म्हणून बास्तायपेक्षा हा सरस.

तिसरं, बाड शांडाउमध्ये १९०४ सालचा लोखंडी लिफ्टचा मनोरा आहे, पन्नासेक मीटरचा. वरून पुलावरून चालत ओस्ट्राउ नावाच्या वस्तीत जाता येतं. आणि चाकाच्या जुन्या वाफेच्या बोटीत बसवा त्यांना. ड्रेस्डेनच्या ताफ्यात अशा नऊ आहेत. फक्त कोरड्या उन्हाळ्यात नदीला पाणी नसलं की फेऱ्या रद्द होतात, आदल्या दिवशी बघून घ्या.

फोटो नंतर टाकतो. इथं फोटो चढवणं हा इथल्या श्रामश्टाइनच्या कड्यांपेक्षा अवघड पॅच आहे.

दवबिंदू

लेख छान, पण बास्तायला जरा जास्तच झोडपलंय. गर्दीचा दोष जागेवर कशाला? नोव्हेंबरात पहाटे जाऊन बघा. खोऱ्यात धुकं भरलेलं असतं, लिलिएनश्टाइनचा सपाट माथा तेवढा वर. घळीत फिरून मान दुखते आणि दिसतं काय, तर दोन हातांवरची भिंत. मला लांबचं बघायला आवडतं, सबब मी कड्यांच्या बाजूनं.

फ्रीडरिशचा विषय निघालाच आहे तर सांगते. धुक्याच्या समुद्राकडे पाठमोरा उभा असलेला त्याचा तो प्रसिद्ध माणूस ज्या खडकावर उभा आहे, तो खडक शोनाजवळच्या कायझरक्रोने टेकडीवरचा. लोकलचं शेवटचं स्टेशन शोना, तिथून टेकडी जवळच. पण चित्रातला देखावा तिथून दिसणार नाही. त्यानं वेगवेगळ्या ठिकाणी रेखाटनं केली आणि स्टुडिओत बसून जोडली. मागचे डोंगर एकीकडचे, पुढचा खडक दुसरीकडचा. तरीही जाच. गर्दी नसते.

बुरुजावरचा

किल्ल्याचं नाव निघालं आणि दोन ओळीत आटपलंत? निषेध.

क्योनिगश्टाइन लढून कुणी कधी घेतला नाही. विहीर १५२.५ मीटर खोल, सोळाव्या शतकात अखंड वालुकाश्मात खोदलेली. आपल्या गडांवर टाकी खोदून पावसाचं पाणी साठवायचे, यांनी थेट पाणी लागेपर्यंत डोंगर भोकसला. विहिरीत पाणी ओततात आणि ते तळाला पोचल्याचा आवाज यायला किती वेळ लागतो ते ऐकवतात, तो कार्यक्रम चुकवू नये.

आता खरी गोष्ट. १८४८ मध्ये सेबास्टियान आब्राट्झकी नावाचा धुराडी साफ करणारा पोरगा कातळातल्या एका उभ्या चिरेतून, पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला लावत, किल्ल्याच्या तटावर चढून गेला. धंदाच धुराड्यात चढायचा! शिबंदीनं पकडून आत टाकलं. त्या चिरेला आजही त्याचं नाव आहे, गिर्यारोहक तिथं चढतात, पण तट ओलांडून आत जायला बंदी.

दुसरी गोष्ट उलट्या दिशेची. दुसऱ्या महायुद्धात इथं फ्रेंच सेनाधिकारी कैदेत होते. त्यातले जनरल आंरी जिरो एप्रिल १९४२ मध्ये, वयाच्या साठीनंतर, साठवून साठवून वळलेल्या दोरावरून कडा उतरून पसार झाले. म्हणजे यशवंती घोरपड आणि हिरकणी, दोघींचीही जर्मन आवृत्ती एकाच गडावर. (हलके घ्या. हिरकणीला दोर नव्हता हे मला ठाऊक आहे.)

नेढेवाली

बुरुजावरचा, हिरकणी वाचून चहा सांडला.

मी कूश्टालबद्दल लिहिते. आपल्याकडे राजगडाचं नेढं ज्यांना आवडतं त्यांनी हे बघायलाच हवं. कातळात आरपार कमान, ११ मीटर उंच आणि १७ मीटर रुंद. पलीकडे जंगल आणि लांबवर सुळके. युद्धाच्या काळात लोक गुरं इथं आणून बांधायचे म्हणून नाव गोठा पडलं असं सांगतात. कमानीच्या बाजूला एका फटीतून लोखंडी जिना माथ्यावर जातो. फट इतकी अरुंद की पाठीवरची सॅक हातात घ्यावी लागते. वर जाणारे याच्यानं आणि खाली येणारे दुसऱ्या वाटेनं, तेव्हा मध्येच विचार बदलायचा नाही.

तिथं जायचं ते बाड शांडाउहून किर्निच खोऱ्यातल्या ट्रामनं. १८९८ पासून चालू आहे, रस्त्याच्या कडेनं, ओढ्याच्या काठानं आठेक किलोमीटर, जंगलात. शेवटचा थांबा लिश्टनहाइन धबधबा. धबधबा म्हणून मनात जे चित्र असेल ते पुसा. १८३० मध्ये लोकांनी एका साध्या ओहोळाला वर बांध घातला, पाणी साठवायचं आणि पाहुणे आले की पैसे घेऊन फळी उघडायची! पर्यटन व्यवसाय म्हणतात तो हा. २०२१ च्या पुरात बांधाचं नुकसान झालं. आपण मात्र आंबोलीला फुकट भिजतो आणि वर नावं ठेवतो.

दोरखंड

उशिरा आलो धाग्यावर. मी इथं चढाई करतो, त्यामुळे थोडं सविस्तर.

सह्याद्रीत सुळके चढलेला माणूस इथं पहिल्यांदा आला की गोंधळतो. मी पुण्याहून आलो तेव्हा सॅकमध्ये सगळं लोखंड होतं. इथल्या जोडीदारानं ते बघितलं आणि काही न बोलता गाडीच्या डिकीत ठेवलं. सॅक्सनीत कातळात मेखा मारायच्या नाहीत. चिरेत धातूची पाचर किंवा फ्रेंड (चिरेत फाकून घट्ट बसणारं धातूचं साधन) लावायचा नाही. वापरायचे ते दोराचे आणि पट्ट्यांचे फास, जाडजूड गाठी मारलेले. योग्य मापाची गाठ चिरेत अशी बसवायची की ओढ आली की घट्ट व्हावी. लाकडी चपट्या काठीनं ती आत सारतात. हातांना मॅग्नेशियाची पांढरी पूडसुद्धा चालत नाही. मोठ्या मार्गांवर पक्क्या लोखंडी कड्या असतात, पण त्यांच्यातलं अंतर बघून आपण देवाचं नाव घेतो.

हे नियम आजकालचे नाहीत. १८७४ मध्ये म्योन्शश्टाइन सुळका कृत्रिम आधाराशिवाय चढला गेला, तिथून इथल्या मुक्त चढाईची सुरुवात मानतात. पुढे १९१० च्या सुमारास रुडोल्फ फेरमान या वकिलानं नियम कागदावर आणले. ११०० हून जास्त सुटे सुळके आहेत. चढाईला परवानगी फक्त सुट्या सुळक्यांवर, डोंगराच्या सलग भिंतीवर नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कातळ ओला असताना चढायचं नाही. म्हणजे नाहीच. बेसाल्ट ओला झाला तर निसरडा होतो, पण दगड तोच राहतो. वालुकाश्म ओला झाला की आतूनच कमजोर होतो. बाहेरून कडक पापुद्रा आणि आत ओली वाळू, धरलेला उंचवटा हातात येतो. तुम्ही पडता ते वेगळं, शंभर वर्षं लोकांनी जपलेली पकड कायमची जाते. पावसानंतर वरचा दगड कोरडा दिसला तरी थांबायचं.

प्फाफेनश्टाइन डोंगराच्या बाजूला बार्बारिने नावाची दगडी सुई आहे, चाळीसेक मीटरची. १९०५ मध्ये फेरमान आणि ऑलिव्हर पेरी-स्मिथ या अमेरिकन माणसानं ती पहिल्यांदा चढली. माथा झिजत आणि विजांनी फुटत गेला, म्हणून १९७५ पासून चढाई बंद. आता समोरच्या कठड्यावरून बघायची. बघायलाही पुरे आहे.

चढाई न करणाऱ्यांसाठी श्रामश्टाइन. लोखंडी शिड्या, कठडे, एका ठिकाणी अंग चोरून जायची फट, आणि वर कंगोरेदार कड्यांची रांग. अरुंद जागी वर जायची वाट वेगळी आणि उतरायची वेगळी, उलटे घुसू नका. हिवाळ्यात शिड्यांवर बर्फ धरतो. पाणी खालूनच न्या, माथ्यावर मिळत नाही.

पुणेरी चक्कर

दोरखंड, कपारीत मुक्काम करता येतो का? इकडे गुहेत झोपायची पद्धत आहे असं ऐकलंय.

दोरखंड

येतो, पण सगळ्यांना नाही. लटकत्या कातळाखाली झोपायच्या जागांना बोफे म्हणतात, जुनी परंपरा आहे. राष्ट्रीय उद्यानात ठरवून दिलेल्या जागीच, तेही चढाईच्या निमित्तानं आलेल्यांना. वसंतात बहिरी ससाणा आणि मोठं घुबड कड्यांवर वीण करतात, तेव्हा बंदी असते. तंबू नाही, चूल नाही. शेकोटी तर अजिबात नाही. ती का, ते खाली कुणीतरी लिहा, मला कामाला पळायचंय.

भूछत्री

मी लिहिते. २०२२ च्या जुलैअखेर चेक बाजूला, ह्रेन्स्कोच्या जंगलात आग लागली आणि वाऱ्याबरोबर सीमा ओलांडून इकडे आली. कड्यांच्या उतारांवर गाडी जात नाही, त्यामुळे हेलिकॉप्टरनं पाणी टाकत आणि माणसं पाठीवर पाइप घेऊन चढत होती. जमिनीवर पालापाचोळ्याचा जाड थर असतो, आग त्याच्या आत धुमसत राहते. वरून विझल्यासारखी दिसते आणि दोन दिवसांनी दुसरीकडून धूर. चेक बाजूच्या एडमुंड घळीतली होडी त्या आगीनंतर बंद पडली.

पण आगीच्या आधीच जंगलाचं कंबरडं मोडलं होतं. २०१८ पासून लागोपाठ कोरडे उन्हाळे आले, स्प्रूसना पाणी मिळेना. धडधाकट झाड डिंक सोडून खोडकिड्याला बाहेर काढतं, तहानलेल्या झाडाला ते जमत नाही. किर्निच खोऱ्यात डोंगरच्या डोंगर करडे पडले. हे स्प्रूस बरेचसे माणसानंच लाकडासाठी ओळीनं लावलेले होते, हेही सांगायला हवं. गाभ्याच्या भागात मेलेली झाडं उचलत नाहीत, निसर्गाचं निसर्गानं बघावं असं धोरण. आता मधून बर्च आणि रोवन वर यायला लागलेत. गावकऱ्यांमध्ये यावरून कडाक्याचे वाद आहेत, कारण मेलेलं झाड कधी पडेल सांगता येत नाही आणि वाटा बंद ठेवाव्या लागतात. जायच्या आधी उद्यानाच्या संकेतस्थळावर बंद वाटांची यादी बघा. नकाशा-अ‍ॅपवर दिसणारी प्रत्येक रेघ चालायची नसते, गाभ्याच्या भागात खूण केलेली वाट सोडणं बेकायदेशीर आहे.

दवबिंदू

पुराचं राहिलं. काठच्या गावांत भिंतींवर पाण्याच्या खुणा आहेत, सालासकट. २००२ च्या ऑगस्टची शोधा. ड्रेस्डेनला त्या वेळी पातळी ९.४० मीटरवर गेली होती, एरवी दोनेक मीटर असते. आणि नेमकं उलटं बघायचं तर सीमेपलीकडे डेचीनला नदीपात्रात दुष्काळाचा दगड आहे, पाणी खूप उतरलं तरच दिसतो. त्याच्यावर १६१६ साल आणि जर्मनमध्ये कोरलंय, "मी दिसलो तर रड."

आज्जीबाई जोरात

सगळं वाचलं, पोटाचं कुणीच बोललं नाही. शाकाहारी माणसानं काय करायचं? दशम्या बांधून न्यायच्या का?

नेढेवाली

आजी, दशम्या नेल्यात तर उत्तमच, आम्हालाही द्या. नाहीतर डोंगरातल्या खानावळीत बटाट्याचं सूप हमखास मिळतं. पण "ओने वुर्स्ट" म्हणून ठणकावून सांगायचं, नाहीतर वरून सॉसेज टाकून देतात. गोडात आयरशेके नावाचा केक, खाली कणीक, मध्ये चक्क्यासारखं काहीतरी, वर अंड्याचा थर. अंडं चालत नसेल तर त्याचा नाद सोडा.

पुणेरी चक्कर

सगळ्यांचे आभार. मी सप्टेंबरात एकटा पुन्हा येणार आहे, तेव्हा दोन दिवस आहेत. पहिला दिवस वेलेन ते राथेन, कातळवेडा यांच्या वाटेनं. दुसऱ्या दिवशी कूश्टाल की श्रामश्टाइन?

कातळवेडा

श्रामश्टाइन. मुक्काम बाड शांडाउला करा. पण स्टेशन नदीच्या अलीकडे आणि गाव पलीकडे आहे, हॉटेल घेताना बघा, नाहीतर रात्री होडी चुकली की पुलावरून वळसा. सकाळी लवकर निघालात तर शिड्यांवर रांग लागत नाही. कूश्टालचं नंतर बघू, नेढेवाली रागावेल, तिला मी सांभाळतो.

नेढेवाली

रागावलेच आहे. सकाळी श्रामश्टाइन करून दुपारची ट्राम पकडली तर दोन्ही होतात.

दोरखंड

होतात, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. शनिवार-रविवारी येत असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पाऊस नसेल तर मी तिकडेच कुठल्यातरी सुळक्यावर असेन. पाऊस असेल तर घरी. तेव्हा पोहे खायला या.